कचऱ्याची हजेरी

आमच्या घरात आत्याचं ताट वेगळं होतं. मोरीच्या वरच्या फळीवर ते एकटंच पालथं घातलेलं असायचं, शेजारी तिचा पेला आणि वाटी. आई तिला वाढायची ती वरून, पळी ताटाला लागू न देता. त्यामुळे आमटी ताटात पडताना एक बारीक आवाज व्हायचा आणि तो आवाज आला की आत्या जेवायला बसली हे माडीवर अभ्यास करताना मला कळायचं. आत्याला टीबी झाला होता. तिच्या उशाशी लालसर कॅप्सूलच्या चंदेरी पट्ट्या असायच्या. ती पुरती बरी झाली, डॉक्टरांनी तसं कागदावर लिहून दिलं, माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तो कागद तहसील कचेरीतल्या आपल्या कागदांसारखा नीट फायलीला लावून ठेवला, पण ताट काही फळीवरून खाली आलं नाही. आत्या त्यानंतर अकरा वर्षं जगली. भरल्या घरात ती अकरा वर्षं कुणाच्या पंगतीला बसली नाही आणि याबद्दल आमच्यापैकी कुणी कधी एक शब्द काढला नाही.

हे आधी सांगायचं कारण आहे. मला काही माहीत नव्हतं, असं मी पुढं कितीतरी जणांना सांगितलं. बायकोलाही तेच सांगितलं. मला सगळं माहीत होतं.

कॉलेज भोरच्या कडेला, माळावर होतं. मी शेवटच्या वर्षाला असताना वनस्पतीशास्त्राच्या मॅडमनी आम्हा पंधरा-वीस जणांचा एक गट केला. तोवर कॉलेजचा कचरा मागच्या ओढ्यात जायचा आणि वाऱ्याच्या दिवसांत वेफर्सची पाकिटं थेट वर्गात यायची. मॅडम म्हणाल्या, आपला कचरा आपणच बघायचा. ओला वेगळा, सुका वेगळा, औषधं, ब्लेड, फुटक्या बाटल्या असलं सगळं तिसऱ्या पत्र्याच्या डब्यात. गटाचा प्रमुख मी. बोलायला बरा होतो, अक्षर चांगलं होतं, आणि गावातला होतो. फलक लिहिले, फेऱ्या काढल्या, फाटकावर दोन पोरं उभी करून प्लास्टिकची पिशवी आत न्यायला बंदी घातली. पण खरं सांगायचं तर या सगळ्यानं कचरा काही कमी झाला नाही. कमी झाला तो सुदाममुळे.

सुदाम वेल्ह्याकडचा, डोंगरातल्या एका वाडीतला. वसतिगृहात राहायचा. आमचा पहिला खताचा खड्डा आठवड्यात सडला, त्यात अळ्या झाल्या आणि मुली तिकडून नाक दाबून जाऊ लागल्या, तेव्हा तो काठावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आरं, ह्यो काय मसनवटा करून ठिवलाय? वल्लं वल्लं नुसतं कोंबलंय. पाला कुठंय?" त्यानं खड्डा रिकामा केला, शेजारी दुसरा खणला, पाल्याचा थर, कचऱ्याचा थर, वर शेणकाला. मग रोज संध्याकाळी बाही वर करून कोपरापर्यंत हात घालून बघायचा. मी विचारलं, काय बघतोस. म्हणाला, "हात घातला की आदी ऊब लागली पायजे. वास मागनं. ऊब असली म्हंजी खड्डा जित्ता हाय." ओल्या कचऱ्यात हात घालायला दुसरं कुणी तयार नसायचं, म्हणून ते काम त्याचं एकट्याचंच झालं.

वसतिगृहाला मेस नव्हती. पोरांचे डबे गावाहून एसटीनं यायचे. आई पहाटे डबा करून कंडक्टरच्या हाती द्यायची, तो दुपारी भोरच्या स्टँडवर ज्याचा त्याला मिळायचा आणि आधीचा रिकामा डबा त्याच गाडीनं परत जायचा. सुदामचा डबा मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा, वेल्ह्याहून कापूरहोळला वळसा घालून येणाऱ्या गाडीनं. खाली डब्यात कालवण, वर भाकरी. भाकरी तेलाच्या धुतलेल्या पिशवीत, तोंडाला जुन्या लुगड्याची चिंधी आणि तिची एक विशिष्ट गाठ, दोन पदरी, मधे फुलासारखी. नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं, कधी सुकटीची चटणी. स्टँड आमच्या घराच्या वाटेवर असल्यामुळे बऱ्याचदा डबा मीच घेऊन जायचो आणि मग आम्ही दोघं खड्ड्याच्या कडेला बसून खायचो. ती गाठ सोडायचं काम माझं. त्या चिंध्या सुदाम जपून ठेवायचा आणि त्यांनीच आपल्या पुरचुंड्या बांधायचा, आईसारख्याच गाठीनं.

आता हजेरीविषयी. ती कल्पना माझी. फलक वाचून कुणी सुधारत नाही, लाज वाटली की सुधारतं, असं मी मॅडमना पटवलं. दर शनिवारी सकाळी प्रार्थनेनंतर सगळं कॉलेज मैदानात उभं असताना आम्ही आठवड्यात सापडलेला चुकीच्या डब्यातला कचरा घेऊन ओट्यावर जायचो. मी एकेक पिशवी उघडून आत काय काय आहे ते मोठ्यानं वाचायचो. मग ज्याचा असेल त्यानं पुढं यायचं, दोन्ही हातांनी कचरा घ्यायचा आणि म्हणायचं, माझा आहे. कुणाचा ते आम्ही शोधून काढायचो: वहीचं पान, फीची पावती, पाकिटावरचं नाव. पोरं हसून लोटपोट व्हायची. एका मुलाच्या पिशवीत अर्धवट लिहिलेलं प्रेमपत्र निघालं, तेही मी वाचलं. मॅडम जरा चुळबुळल्या, पण त्याही हसल्या. मला त्या ओट्यावर फार बरं वाटायचं. आजही ते बरं वाटणं मला आठवतं आणि ते खोटं नव्हतं, हेच अवघड आहे.

मग समिती येणार असं ठरलं. स्वच्छ कॉलेजांना ढाल द्यायची होती आणि आमचं नाव पुढं होतं. समितीपुढं कोण बोलणार यात मला शंकाच नव्हती, मी घरी आरशासमोर तयारीही केली होती. मॅडमनी गटाला बोलावलं आणि सांगितलं, "सुदाम बोलेल. खड्ड्याचं त्याला जे कळतं ते तुला नाही कळत, विनायक. तू स्वागत कर." सुदाम म्हणाला, "मॅडम, माजी भाषा बघा की. हसत्याल लोक." मॅडम म्हणाल्या, "तीच भाषा हवी आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. त्या दिवसापासून रोज दुपारी तो मॅडमकडं तयारीला जाऊ लागला आणि ओल्या कचऱ्याकडं बघायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

गुरुवारी वसतिगृहाचा ओला डबा पालथा केला आणि भाताच्या खरकट्याखालून एक पुरचुंडी निघाली. तेलाची पिशवी, तोंडाला लुगड्याची चिंधी, फुलासारखी गाठ. मी खाली बसलो. गाठ मला सोडता येत होतीच. आत खोकल्याच्या औषधाच्या चार पुड्या आणि चंदेरी पट्ट्या, रिकाम्या, लाल भुकटी चिकटलेल्या. आत्याच्या उशाशी होत्या तशाच. तेव्हा सगळं उलगडलं. पट्ट्या तिसऱ्या डब्यात टाकायच्या हे त्याला ठाऊक होतं, पण तो डबा आम्ही सगळे मिळून उपसायचो. ओल्यात फक्त त्याचा हात जायचा. खोलीत ठेवलं तर सोबतची पोरं बघणार, म्हणून तिथं टाकायचं, संध्याकाळी आपणच काढायचं आणि नेऊन मागं करंजाखाली पुरायचं, असं त्याचं चालू असणार. त्या दोन-तीन दिवसांत मॅडमच्या तयारीमुळे त्याला वेळ मिळाला नसावा.

मी ती पुरचुंडी परत बांधली. त्याच गाठीनं. आणि शनिवारच्या पिशव्यांत ठेवली.

मधे अख्खा शुक्रवार होता. शुक्रवारी डबा आला, तो मी स्टँडवरून आणला आणि आम्ही दोघं जेवलो. म्हणजे तो जेवला. मला भूक नाही असं मी सांगितलं. सुदाम म्हणाला, "आजारी हायस का? त्वांड उतारलंय तुजं." चटणीची वाटी माझ्याकडं सरकवून तो हात धुवायला गेला.

शनिवारी ती पुरचुंडी मी शेवटी काढली. पहिल्या रांगेत नितीन उभा होता, त्याच्या वडिलांचं सरकारी दवाखान्यासमोर औषधाचं दुकान होतं. तो तिथं आहे हे मी बघून घेतलं होतं. मी वाचायला सुरुवात केली. तेलाची पिशवी एक. चिंधी एक. पुड्या चार. मग पट्टी उन्हाकडं धरून औषधाचं नाव अक्षर अक्षर लावत वाचलं, जसं काही मला ते वाचताच येत नव्हतं. दोनदा वाचलं.

नितीन म्हणाला, "ए, ते टीबीचं आहे."

हशा अर्ध्यात थांबला. कुणीतरी मागून विचारलं, "कोणाचंय?" मी नाव घेतलं नाही. मी फक्त पुरचुंडी उंच धरली, गाठ सगळ्यांना दिसेल अशी. वसतिगृहातल्या प्रत्येकानं त्या गाठीतली भाकरी कधी ना कधी खाल्ली होती. माणसं सुदामपासून बाजूला सरकली. धक्काबुक्की नाही की काही नाही, नुसती सरकली, आणि तो मोकळ्या जागेत एकटा उरला. तो चालत ओट्यापाशी आला. माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "विनू, तुला गाठ ठावं हुती की रं." मग मैदानाकडं वळून दोन्ही हात पुढं करून म्हणाला, "माजा हाय."

त्या दोन दिवसांत जे झालं ते थोडक्यात सांगतो, कारण लांबवलं तर मी स्वतःला वाचवू लागेन. त्याची खाट पोरांनी व्हरांड्यात काढली. माठावरचा त्याचा पेला खडूनं फुली मारून वेगळा ठेवला. वॉर्डन म्हणाले, घरी जा, बरा होऊन ये. आणि आमच्या गटानं तो तिसरा पत्र्याचा डबा उचलून त्याच्या खाटेपाशी नेऊन ठेवला. ते करायला मी सांगितलं होतं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. तो तीन महिने औषध घेत होता, त्याच्यापासून कुणाला काही होणार नव्हतं, आणि दवाखान्यातल्या कुणालाही विचारलं असतं तर त्यानं ते सांगितलं असतं. मी विचारलं नाही.

सोमवारी स्टँडवर तो एक पिशवी घेऊन उभा होता. मला बघून त्यानं हाक मारली. शिव्या देईल असं वाटलं होतं. त्यानं वेगळंच मागितलं.

"घरी न्हाई जात म्या. ताईची सोयरीक चाललीया. पोराला टीबी म्हनलं की मोडंल. कापूरहोळला ढाब्यावर काम बघितलंय, परीक्षेपत्तर तितंच ऱ्हातो."

"आणि डबा?"

"त्योच इशय हाय. आलेला डबा न्हाई घेतला तर आई दुसऱ्या दिशी हितं यील. तू घेत जा. रिकामा करून धुवून धाड. आन जमलं तर भाकर तेवढी मला आणून दे कापूरहोळला. तितलं त्याल लई असतं, खोकला उटतो."

"आणतो," मी म्हणालो.

"आन दवाखान्यात सांग, म्या आठ दिसांनी येऊन गोळ्या नेतो म्हनावं. नित्याच्या दुकानाम्होरनं आता लगीच यायला नगं वाटतं."

"सांगतो."

कापूरहोळ भोरपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. दिवसातून कितीतरी गाड्या जातात. मी एकदाही गेलो नाही. दवाखान्याची पायरीही चढलो नाही. मंगळवारी डबा आला, तो मी घेतला. घरी नेता येईना, आईनं विचारलं असतं. खायची हिंमत होईना, आत्याचं ताट डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मी खड्ड्यापाशी गेलो, गाठ सोडली आणि भाकरी, बिरडं सगळं खड्ड्यात टाकून वर पाला ओढला. डबा राखेनं घासला, लख्ख धुतला आणि शुक्रवारच्या गाडीनं परत दिला. शुक्रवारी पुन्हा तेच. पुढच्या मंगळवारीही. काम सवयीचं होतं तसं ते झालं.

त्याच सुमारास समिती आली. मी बोललो. खड्ड्यात हात घातला की आधी ऊब लागायला हवी, वास नंतर, ऊब असेल तर खड्डा जिवंत आहे, असं मी शुद्ध भाषेत सांगितलं. समितीच्या वयस्कर गृहस्थांनी खरोखरच बाही वर करून हात घातला, मूठभर खत बाहेर काढलं, हुंगलं आणि म्हणाले, "वा. कसला सुंदर वास आहे." त्यांच्या बोटांच्या फटीत नाचणीच्या भाकरीचा एक काळपट तुकडा होता. ढाल आम्हाला मिळाली. सुदाम कुठं आहे असं मॅडमनी एकदा विचारलं, मी म्हणालो गावी गेलाय, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी डबा घेऊन त्याची आईच आली. मी कॉलेजच्या फाटकात होतो. आमच्या पोरांनी तिला अडवलं होतं, "मावशी, प्लास्टिक आत चालत नाही," आणि ती तेलाची पिशवी दाखवून सांगत होती, "आरं, धुतल्याली हाय, बघ की हुंगून." मी पुढं झालो तर तिनं मला ओळखलं. सुट्टीत मी त्यांच्या वाडीला राहून आलो होतो, तिच्या हातचं जेवलो होतो.

"विनायेक, तूच सांग बाबा ह्यास्नी." मग आवाज बारीक करून म्हणाली, "ताईचं जमलं. येत्या आयतवारी साखरपुडा हाय. सुदामला घिऊन ये, तूबी ये. कुठंय त्यो?"

"प्रॅक्टिकलला गेलाय, मावशी. संध्याकाळपर्यंत नाही यायचा."

"जेवतोय न्हवं नीट? मागं आला हुता तवा हाडं दिसत हुती. पर आता डबा कसा लख्ख रिकामा येतोय. म्या म्हनलं, लागलं पोरगं खाया." ती हसली. पुढचे दोन दात पडलेले होते.

"जेवतो," मी म्हणालो.

धुतलेला डबा माझ्या पिशवीत होता, तो मी तिच्या हाती दिला. तिनं झाकण उघडून आत बघितलं आणि उगीचच पदरानं पुसला. भरला डबा मला देऊन म्हणाली, "ह्यात तुजीबी भाकर येगळी बांदलीय. दोन पुरचुंड्या हायती, भांडू नगा." मग परतीची गाडी धरायला ती लगबगीनं स्टँडकडं गेली.

दोन्ही पुरचुंड्या मी खड्ड्यात टाकल्या.

आज त्या कॉलेजात कचऱ्याचं मोठं काम चालतं. यंत्र आहे, मुली-मुलं छान बोलतात, आणि वर्षातून एकदा मला पाहुणा म्हणून बोलावतात कारण भिंतीवरच्या पाटीवर पहिलं नाव माझं आहे. मागच्या वेळी एका मुलीनं विचारलं, "सर, पहिला खड्डा कुणी खणला?" मी म्हणालो, आम्ही सगळ्यांनी. आम्ही खणलेला सडला होता, खत झालं तो सुदामनं खणला. एकट्यानं. तो पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होता. आठ दिवसांनी न्यायच्या गोळ्या त्यानं नेल्याच नाहीत; औषध मधे सुटलं की तो आजार मग त्याच औषधाला दाद देत नाही, आणि ढाब्यावरचे ते दिवस त्याला पुरले. ताईची सोयरीक मोडली. मी त्यांच्या वाडीला गेलो नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

त्याची आई येऊन गेली त्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी नेहमीप्रमाणे स्टँडवर गेलो. हातात मंगळवारचा डबा, धुतलेला. वेल्ह्याची गाडी लागली, माणसं उतरली, पोरं आपापले डबे घेऊन गेली. कंडक्टरमामा शेवटी उतरले. त्यांनी माझ्या हातातला डबा घेतला नाही.

"मंगळवारी परतीची गाडी कापूरहोळला थांबली," ते म्हणाले, "डबा धाडनारी बाई पानी प्यायला खाली उतारली. ढाब्याच्या मागल्या अंगाला नळ हाय. तितं तिचा पोरगा बसला हुता भांडी घासत. तिनं आदी वळखलाच न्हाई. मग तशीच त्याच्याम्होरं उबी ऱ्हायली. इचारलं काय, तर जेवलास का रं."

मी डबा तसाच पुढं धरला होता.

"पोरगं म्हनलं, आई, तुजी भाकर खाऊन लई दीस झालं."

स्टँडवर उसाच्या गुऱ्हाळाची घुंगरं वाजत होती. मामांनी खांद्यावरच्या झोळीत हात घालून डबा काढला, मंगळवारी मी तिच्या हाती दिलेला.

"ह्यो तुला द्यायला सांगितलाय. मला म्हनली, ज्यानं रिकामा केला त्याला द्या."

मामांनी डबा पुढं धरला. आजूबाजूची दोन-चार माणसं थांबून बघत होती. मी हातातला डबा खाली फरशीवर ठेवला आणि दोन्ही हात पुढं केले.